वजनकाट्यापासून डॉक्टरांपर्यंत : घरच्या रुग्णावर दुरून देखरेख, एक आढावा

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी मावशी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय अशक्त झालेले. दोन वर्षांपूर्वी पायांवर सूज आली, धाप लागू लागली, उशा रचून बसल्या बसल्या रात्री काढाव्या लागल्या आणि शेवटी तिला दवाखान्यात दाखल करावे लागले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मावशी, रोज सकाळी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं, तर वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा."

दिवाळीत गेले तेव्हा मी ती वही चाळली. लागोपाठच्या चार दिवसांचे आकडे होते ५८.२, ५९.६, ५८.१ आणि ६०. अंगात पाणी साठत होते म्हणावे, तर मधल्याच दिवशी वजन उतरलेले. मग काट्याकडे पाहिले. कधी तो देवघरासमोर असे, कधी स्वयंपाकघराच्या दारात. घरातली शहाबादी फरशी जुनी, उंचसखल. दोन फरश्यांच्या सांध्यावर काटा ठेवला की तोच माणूस किलो-दीड किलोने बदलायचा. शिवाय वजन कधी आंघोळीआधी, तर कधी चहा-पोह्यांनंतर. वहीच्या पानाचा फोटो मावसभाऊ रोज दवाखान्याच्या नंबरवर व्हॉट्सॲपने पाठवत होता. तिकडे तो कोण उघडते, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

रुग्ण घरी, डॉक्टर दूर आणि मध्ये रोजचा एक आकडा, अशी ही रचना गेल्या वीस वर्षांत जगभर उभी राहिली. ती कशी आली, तिच्याबद्दलच्या पुराव्यांतून काय दिसते, जाणकारांची मते कुठे फुटतात आणि काय अजून सुटायचे आहे, याचा हा आढावा.

प्रश्नाची व्याप्ती

दुरून देखरेख म्हणजे फोनवरून घेतलेला सल्ला नव्हे. टेलिमेडिसिनमध्ये रुग्ण आणि डॉक्टर एकदा बोलतात, औषध लिहून दिले जाते आणि तो प्रसंग तिथे संपतो. देखरेखीत प्रसंगांची साखळी असते. रक्तदाब, साखर, वजन, रक्तातला ऑक्सिजन, हृदयाचा आलेख किंवा घेतलेली गोळी यांपैकी काहीतरी घरी ठरलेल्या वेळी मोजले किंवा नोंदले जाते. ते दूरच्या प्रशिक्षित माणसापर्यंत पोचते. तो माणूस त्यावरून काही ठरवतो आणि तसे घडवून आणतो. मोजणे, पोचवणे आणि कृती करणे या तीन कड्यांपैकी एक जरी निसटली, तरी बाकीच्या दोन निरुपयोगी ठरतात. निरोगी माणूस हौसेने मनगटी घड्याळावर पावले मोजतो, तो विषय वेगळा. इथे बोलायचे आहे ते निदान झालेल्या, उपचार सुरू असलेल्या रुग्णांबद्दल.

हा प्रश्न आज ऐरणीवर येण्याची कारणे साधी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि ३५ टक्क्यांहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब. हे आजार वर्षानुवर्षे अंगात राहतात आणि त्यांचे चढउतार घरातच होतात. डॉक्टरांना मात्र महिना-दोन महिन्यांतून एकदाच, तेही पाच-दहा मिनिटे दिसतात. त्यात मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत आणि आई-वडील गावी, हे चित्र आता घरोघरचे झाले आहे.

पार्श्वभूमी : यंत्राची वाट आणि माणसाची वाट

या विषयाचा इतिहास दोन वाटांनी येतो. पहिली यंत्राची. हृदयाचा विद्युत आलेख काढणारे विलेम आइंटहोव्हेन यांनी १९०५मध्ये नेदरलँड्समधील लायडन शहरात एक प्रयोग केला. त्यांचे उपकरण इतके अवजड होते की ते प्रयोगशाळेतून हलवणे शक्य नव्हते. तेव्हा रुग्ण रुग्णालयातच ठेवून, सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या टेलिफोनच्या तारेवरून त्याच्या हृदयाचे संकेत प्रयोगशाळेत आणले गेले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचे संकेत रेडिओवरून पकडले. त्यासाठी त्या माणसाला सुमारे ३८ किलोचे यंत्र पाठीवर वाहावे लागे. १९७४मध्ये जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी सुई न टोचता रक्तातला ऑक्सिजन मोजण्याचे तत्त्व मांडले. कोविडच्या काळात औषधाच्या दुकानातून आपण जो ऑक्सिमीटर आणला, त्याचे मूळ तिथे आहे.

दुसरी वाट माणसाची. तिचे दोन ठळक टप्पे आपल्या देशातले आहेत. १९५६मध्ये मद्रासमध्ये क्षयरोगावरील एक अभ्यास सुरू झाला. क्षयाच्या रुग्णाने सॅनेटोरियममध्येच राहिले पाहिजे, ही तेव्हाची पक्की समजूत. या अभ्यासात काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, तर काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरांतच ठेवून तीच औषधे देण्यात आली. १९५९मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की सॅनेटोरियममध्ये आहार आणि विश्रांती चांगली मिळूनही घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले. पुढच्या पाठपुराव्यात त्यांच्या घरच्यांना संसर्गाचा वेगळा धोका झाल्याचेही दिसले नाही. रुग्ण गोळ्या खरोखर घेतात का, हे पाहण्यासाठी कर्मचारी न सांगता घरी जात, गोळ्या मोजत आणि लघवी तपासत. घरातल्या उपचाराला घरातल्या देखरेखीची जोड लागते, हे तिथे स्पष्ट झाले.

दुसरा टप्पा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांच्या घरोघरी देखभालीचा प्रयोग केला. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळंतपणानंतर ठरलेल्या दिवशी घरी जाणे, बाळाचे वजन आणि ताप पाहणे, श्वास मोजणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि उपचार सुरू करणे हे तिचे काम. १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला होता. २०११पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने हा विचार देशभर पोचला. इथे विजेवर चालणारे यंत्र जवळपास नव्हते. मोजणारी आणि कृती करणारी व्यक्ती एकच होती, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२०२०मध्ये या दोन वाटा एकत्र आल्या. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. केंद्राच्याच 'ई-संजीवनी' सेवेवरून घरबसल्या सल्ला मिळू लागला. १५ सप्टेंबर २०२०पासून महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथके तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदारी गेली. गृहविलगीकरणातल्या रुग्णांच्या घरी भिंतीवर कागद चिकटवून त्यावर सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहिले गेले. सहा मिनिटे चालायचे आणि पुन्हा बोट यंत्रात घालायचे, हे लहान मुलांनाही पाठ झाले. मुंबईत वॉर्डनिहाय वॉर रूममुळे आकडा घसरला तर फोन कुणाला करायचा याला एक उत्तर होते. खाट मिळेलच याची हमी मात्र दुसऱ्या लाटेत कुणाजवळ नव्हती. दुरून देखरेखीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही आपण त्या वर्षभरात पाहिल्या.

पुरावा काय सांगतो?

सर्वांत जास्त अभ्यास झाला तो हृदय अशक्त झालेल्या रुग्णांवर, म्हणजे माझ्या मावशीसारख्यांवर. अमेरिकेतल्या 'टेली-एचएफ' या चाचणीत १,६५३ रुग्ण होते. रुग्णाने रोज फोन करून यंत्राच्या आवाजातल्या प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि वजन सांगायचे, अशी योजना होती. २०१०मध्ये आलेला निकाल निराशाजनक होता. पुन्हा दाखल होणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण देखरेखीच्या गटात ५२.३ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ५१.५ टक्के, म्हणजे फरक नाहीच. कारण शोधताना दिसले, की १४ टक्के रुग्णांनी ही सोय एकदाही वापरली नाही आणि सहा महिन्यांच्या अखेरीस आठवड्यातून किमान तीनदा ती वापरणारे ५५ टक्केच उरले. २०१६मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'बीट-एचएफ' चाचणीचा निकाल आला. १,४३७ रुग्णांना उपकरणे आणि फोनवरून परिचारिकांचे मार्गदर्शन देऊनही सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

जर्मनीतला अनुभव जास्त बोलका आहे, कारण जवळपास त्याच संशोधकांनी तो प्रयोग दोनदा केला. २०११च्या पहिल्या चाचणीत ७१० रुग्ण होते आणि मृत्युदरात फरक पडला नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी आखणी बदलली. गेल्या वर्षभरात हृदयाच्या कारणाने दाखल झालेलेच रुग्ण घेतले आणि तीव्र नैराश्य असलेल्यांना वगळले. बर्लिनच्या केंद्रात याही वेळी डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस आकड्यांसमोर बसल्या आणि औषधांचे डोस बदलत गेल्या. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १,५७१ रुग्ण होते. अचानक दाखल होण्यात किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस वर्षाला सरासरी २४.२ वरून १७.८वर आले आणि मृत्यूही घटले. दोन्ही वेळा संशोधक जवळपास तेच होते आणि तंत्र साधारण त्याच जातीचे. बदलली ती मुख्यतः रुग्णांची निवड.

वजन हा तसा उशिरा बोलणारा साक्षीदार. म्हणून फुप्फुसाच्या धमनीत छोटा संवेदक बसवून थेट दाब मोजण्याचाही मार्ग निघाला. ५५० रुग्णांच्या 'चॅम्पियन' चाचणीत सहा महिन्यांत हृदयाच्या कारणाने दाखल होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. मात्र त्यासाठी शस्त्रक्रियेसारखी प्रक्रिया आणि मोठा खर्च लागतो. सर्वांसाठी तो मार्ग आज तरी नाही.

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल, केंट आणि लंडनमधील न्यूहॅम या भागांत मधुमेह, श्वसनमार्गाचा जुनाट आजार आणि हृदय अशक्त असणे या तीन आजारांच्या ३,२३० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०१२च्या अहवालात देखरेखीच्या गटाचा वर्षभरातला मृत्युदर ४.६ टक्के आणि दुसऱ्या गटाचा ८.३ टक्के होता. या आकड्यांनी धोरणकर्ते हरखून गेले. पण तुलनेच्या गटातले दाखल होणे सुरुवातीच्या काळात वाढल्यासारखे दिसते, त्यामुळे निष्कर्ष जपून काढावा, असे संशोधकांनी स्वतःच बजावले होते. पुढच्याच वर्षी खर्चाचा हिशेब आला. निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे सुमारे ९२ हजार पौंड. तिथे तेव्हा सरकार साधारणपणे मान्य करत असे त्या २० ते ३० हजारांच्या मर्यादेपेक्षा तो कितीतरी अधिक. रुग्णांच्या जगण्याच्या गुणवत्तेतही फरक आढळला नाही. २०१३मध्येच स्कॉटलंडमध्ये श्वसनमार्गाच्या आजाराच्या २५६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत चांगली प्राथमिक सेवा दोन्ही गटांना सारखीच दिली गेली आणि निव्वळ देखरेखीमुळे दाखल होणे लांबले नाही.

रक्तदाबाचे चित्र अधिक आश्वासक आहे. २०१८च्या एका ब्रिटिश चाचणीत १,१८२ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्यात डॉक्टर नेहमीप्रमाणे दवाखान्यात रक्तदाब पाहून औषध ठरवत. दुसऱ्यात रुग्ण घरी मोजून कागदावर लिहीत. तिसऱ्यात तेच आकडे फोनच्या संदेशाने जात. वर्षाअखेरीस वरचा रक्तदाब अनुक्रमे १४०.४, १३७.० आणि १३६.० होता. घरच्या मोजमापाने औषध ठरवल्याचा फायदा दिसला. पण साधी वही आणि फोन यांच्यात एका अंकाचाच फरक होता. कमी साधनांच्या देशाला ही बाब फार मोलाची आहे.

क्षयरोगात भारताने '९९डॉट्स' ही पद्धत आणली. गोळी पाकिटातून बाहेर काढली की खाली दडलेला फोन नंबर दिसतो आणि रुग्ण त्यावर मोफत फोन करून गोळी घेतल्याचे कळवतो. संशोधकांनी चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत न सांगता घरी जाऊन लघवी तपासली, तेव्हा फोनच्या नोंदी आणि प्रत्यक्ष गोळी घेणे यांत बरीच तफावत आढळली. काहींनी गोळी घेऊन फोन केला नव्हता, तर काहींनी फोन करूनही गोळी घेतली नव्हती. मद्रासमधल्या त्या जुन्या अभ्यासातली तपासणीच साठ वर्षांनी नव्या साधनाची परीक्षा घेण्यास उपयोगी पडली.

मुख्य भूमिका

एवढे पुरावे समोर असताना जाणकारांच्या भूमिका ढोबळमानाने चार दिसतात आणि प्रत्येकीत तथ्य आहे.

पहिली समर्थकांची. आजार हळूहळू बिघडतो आणि बिघाडाच्या खुणा आधीच उमटतात, तर त्या टिपल्याच पाहिजेत, असे ते म्हणतात. तालुक्यात हृदयरोगतज्ज्ञ नसताना रुग्णाने चार तास एसटीत बसून जाण्यापेक्षा आकड्याने जावे, हे त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. जर्मनीने २०२०मध्ये हृदय अशक्त झालेल्या ठरावीक रुग्णांसाठी ही सेवा सार्वजनिक विम्यात घेण्याचा निर्णय केला, तो याच विचाराने.

दुसरी भूमिका सावध डॉक्टरांची. त्यांच्या मते अनेक चाचण्यांत फायदा का दिसला नाही, याचे उत्तर मिळेपर्यंत थांबावे. रोज शेकडो आकडे आले, की खरा इशारा गर्दीत हरवतो. सतत वाजणारी घंटा शेवटी कुणी ऐकत नाही. एखाद-दुसऱ्या वाढलेल्या आकड्याने रुग्ण घाबरतो, नको त्या तपासण्या होतात. आणि हे आकडे पाहण्याच्या वेळेचे पैसे कोण देणार, हा त्यांचा प्रश्न पोटापाण्याचा असला तरी रास्त आहे.

तिसरी भूमिका घराच्या बाजूने पाहणाऱ्यांची. यात समाजशास्त्रज्ञ आहेत, परिचारिका आहेत, रुग्णांची काळजी घेणारे नातेवाईक आहेत. घराचा वॉर्ड झाला, तर वॉर्डातली सिस्टर कोण, असे ते विचारतात. आपल्याकडे त्याचे उत्तर बहुतेक वेळा सून, मुलगी किंवा बायको असेच असते. तिच्या कामाची गणना कुठल्याच खर्चात होत नाही. उलट बाजूने, घरच्यांना नेमके काय पाहायचे हे कळल्याने आधार वाटतो, असेही अनेकजण सांगतात. इंग्लंडमधल्या त्या मोठ्या चाचणीत सहभाग नाकारणाऱ्यांशी बोलल्यावर कळले, की यंत्र घरात येणे म्हणजे आपण परावलंबी झालो, असे काहींना वाटत होते.

चौथी भूमिका सार्वजनिक आरोग्याची. स्मार्टफोन, नेटवर्क आणि वाचता येणे या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत, तोच देखरेखीत येतो आणि ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे तो बाहेर राहतो, ही त्यांची चिंता. त्यांचा कल गडचिरोलीच्या वाटेकडे असतो. आधी घरी जाणारे माणूस, मग त्याच्या हातात यंत्र. २०१७मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात ठरावीक औषधक्रम, रुग्णागणिक नोंद आणि गावाजवळच औषध मिळणे यांवर भर दिला गेला, तो याच विचाराला धरून. मात्र आशा कार्यकर्तींवर आधीच किती कामे आहेत आणि त्यांना मानधन किती मिळते, याचा विचार केल्याशिवाय आणखी एक काम त्यांच्यावर टाकता येणार नाही, हेही याच गटातले लोक सांगतात.

आखणीबाबत जुळून आलेली मते

मते भिन्न असली, तरी योजना कशी आखावी याबद्दल बरीच सहमती तयार झाली आहे.

सुरुवात रुग्णांच्या निवडीपासून. नुकताच दवाखान्यातून घरी आलेला, पुन्हा बिघडण्याची शक्यता असलेला आणि औषध बदलून सुधारू शकणारा रुग्ण असेल तर फायदा दिसतो. स्थिर रुग्णाला रोज मोजायला लावल्याने फारसे काही हाती लागत नाही.

मग काय मोजायचे. ज्या आकड्यावरून काही करता येणार नाही, तो मोजू नये. दोन-तीन मापे पुरतात.

मग कसे मोजायचे. याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. रक्तदाबासाठी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर आणि दंडाच्या घेराला साजेसा हवा, सदऱ्याच्या बाहीवरून नको. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही आणि मोजताना बोलणे नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असे आठवडाभर मोजून पहिला दिवस सोडावा आणि बाकीची सरासरी काढावी. घरी १३५/८५ ही सीमा धरतात, दवाखान्यात १४०/९०. वजनासाठी तोच काटा, तीच सपाट जागा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी आणि साधारण तेवढेच कपडे. ऑक्सिमीटरसाठी बोट गरम हवे आणि नखाला रंग नको.

त्यानंतर सीमा ठरवायच्या. किती झाले तर फोन, किती झाले तर दवाखाना आणि किती झाले तर थेट रुग्णवाहिका. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ची सेवा आहे. तिची गाडी त्या वस्तीवर किती वेळात पोचते, हे योजना आखतानाच माहीत हवे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आकडा कोण पाहणार, किती वाजता पाहणार आणि औषध बदलण्याचा अधिकार त्याला आहे का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर हवीत. आकडा नुसता पोचला आणि पुढे हलला नाही, तर उपयोग नाही. शेवटी, देखरेख कधी थांबवायची हेही आधी ठरवावे. न थांबणारी देखरेख रुग्णाला आजार विसरू देत नाही.

न सुटलेले प्रश्न

काही गाठी अजून तशाच आहेत.

पहिली यंत्राच्या खरेपणाची. डिसेंबर २०२०मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी दाखवले, की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ असा सुरक्षित आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात रक्तातला ऑक्सिजन धोकादायकरीत्या कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते. सावळ्या-काळ्या त्वचेच्या कोट्यवधी लोकांचा हा देश. दुसऱ्या लाटेत ९४च्या रेषेवर आपण घरी थांबायचे की खाट शोधायची हे ठरवत होतो. त्वचेचा हा परिणाम आपल्याकडच्या सीमांमध्ये कसा धरायचा, यावर अजून सर्वमान्य उत्तर नाही.

दुसरी जबाबदारीची. रविवारी रात्री दोन वाजता धोक्याचा आकडा आला आणि सोमवारी दहा वाजता पाहिला गेला, तर चूक कुणाची? २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांचा भर सल्लामसलत आणि औषध लिहून देण्यावर आहे. सतत येणाऱ्या आकड्यांवर नजर ठेवण्याचे बंधन कुठवर, हे प्रत्येक योजनेला आपल्यापुरते लिहून काढावे लागते.

तिसरी पैशाची. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने २०१९पासून या कामासाठी वेगळे पैसे द्यायला सुरुवात केली. सुरुवातीची एक अट होती, की उपकरणाने ३० दिवसांत किमान १६ दिवस आकडे पाठवले पाहिजेत. त्यामुळे रुग्णाच्या गरजेपेक्षा दिवसांची भरती महत्त्वाची ठरते का, असा वाद झाला. आपल्याकडे विमा आणि शासकीय योजना मुख्यतः दाखल रुग्णाभोवती बांधलेल्या आहेत. रुग्णाला दाखल होऊ न दिल्याबद्दल पैसे देण्याची घडी अजून बसायची आहे.

चौथी माहितीच्या मालकीची. २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि त्यात संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. पण आपल्या घरात शरीर आईचे आणि फोन मुलाचा असतो. आकडे कुटुंबाच्या ग्रुपवर आधी जातात, डॉक्टरांकडे नंतर. आईला ते कुणाला कळावेसे वाटते, हे विचारायची पद्धत आपल्यात नाही. परदेशातल्या मुलांना तिकडच्या रात्री इकडचे आकडे दिसतात तेव्हा काळजी आणि हस्तक्षेप यांची सीमा पुसट होते.

पाचवी संगणकाच्या अंदाजाची. आकड्यांच्या रांगेतून बिघाड आधीच ओळखणारी प्रणाली येऊ घातली आहे. ज्यांच्या आकड्यांवर ती शिकली, त्यांच्याहून वेगळ्या शरीरांवर आणि वेगळ्या घरांत ती कितपत खरी ठरेल, याचा अभ्यास इथल्या घरांतच व्हायला हवा. उंचसखल फरशीवरचे वजन तिला दिले, तर तीही चुकणारच.

आज आपण कुठे आहोत?

सारांश एवढाच, की दुरून देखरेख उपयोगी आहे का, हा प्रश्न आता जुना झाला. रक्तदाबात ती उपयोगी आहे आणि त्यासाठी वहीदेखील पुष्कळ काम करते. हृदय अशक्त असताना ती उपयोगी पडते, पण योग्य रुग्ण निवडला आणि आकड्यामागे जागे असलेले माणूस असले तरच. श्वसनाच्या जुनाट आजारात आणि गोळ्यांच्या नोंदीत पुरावा अजून अपुरा किंवा मिश्र आहे. म्हणून योजना शेवटून सुरू करावी असे मला मनापासून वाटते. आधी कृती करणारा माणूस आणि त्याची वेळ ठरवावी, मग आकडा आणि सर्वांत शेवटी यंत्र.

दिवाळीच्या पाडव्याला मावसभावाने प्लायवूडचा एक जाड तुकडा आणला, पाण्याची पातळीपट्टी ठेवून तो देवघराशेजारी पक्का बसवला आणि काट्याची जागा रंगाने आखली. मी दवाखान्यात फोन केला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, मी रोज दहा ते अकरा वाजेपर्यंत सगळे फोटो बघते. त्यानंतर काही वाटलं तर या नंबरवर फोन करा, मेसेज नको." आम्ही वहीच्या पुठ्ठ्यावर तीन ओळी आखल्या. पहिली सकाळची, सिस्टरांच्या वेळेसह. दुसरी दिवसाची, फोन नंबरासह. तिसऱ्या ओळीवर मावशीने स्वतःच्या अक्षरात 'रात्री' असे लिहिले आहे. त्यापुढची जागा अजून कोरी आहे.